मधुमेह, डोळे आणि कोलेस्टेरॉलची गोळी



परमपूज्य बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने जर्जर केले होते. त्यांची दृष्टीही अधू झाली होती. तशाही अवस्थेत त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी मधुमेहाने बिघडलेल्या डोळ्यांवर लेसरचा उपचार नव्हता. आज तो आहे, औषधेही आहेत. तरीही आपल्या वस्तीत साखरेमुळे नजर गमावलेली माणसे दिसतात. म्हणून या विषयाची ओळख आपण करून घेऊ.

डोळ्यात काय बिघडते?

डोळ्याच्या आतल्या बाजूस दृष्टिपटल नावाचा नाजूक पडदा असतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसाहूनही बारीक असतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या नळ्या कमकुवत होतात. त्यातून पाणी, रक्त आणि चरबीचे अंश पाझरतात. पुढे नव्या, कच्च्या नळ्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होऊन नजर जाऊ शकते. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, दिसायलाही स्वच्छ दिसते. हाच यातला खरा धोका आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. २०२२ च्या दुसऱ्या एका पाहणीत चाळिशीपुढील दर आठ मधुमेहींपैकी सुमारे एकाच्या दृष्टिपटलात बिघाड आढळला. “आम्ही तर सडपातळ, आम्हाला कसली साखर?” असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या संशोधनातून दाखवले आहे की, आपल्याकडची माणसे वरून बारीक दिसली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते.

दोन गोळ्या, दोन कामे

कोलेस्टेरॉलच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. पहिला गट स्टॅटिनचा. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून पहिले स्टॅटिन शोधले. अॅटोरव्हास्टॅटिन हे त्याच कुळातले. हृदयविकार व पक्षाघात टाळण्यासाठी मधुमेहींना ते देतात.

दुसरे औषध फेनोफायब्रेट. ते मुख्यतः ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातील चरबी कमी करते. डोळ्यांच्या बाबतीत आशा निर्माण झाली ती याच औषधामुळे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व फिनलंड येथील ९,७९५ मधुमेहींच्या अभ्यासात हे औषध घेणाऱ्यांना डोळ्यांच्या लेसरची गरज कमी पडली. २०१० साली अमेरिका व कॅनडातील अभ्यासात स्टॅटिनच्या जोडीला हे औषध दिले. चार वर्षांत डोळ्यांचा विकार वाढला तो शंभरात सुमारे साडेसहा जणांचा. नुसते स्टॅटिन घेणाऱ्यांत दहा जणांचा. २०२४ साली स्कॉटलंडमधील १,१५१ जणांच्या अभ्यासातही विकार वाढण्याचे प्रमाण शंभरी २९ वरून २३ च्या आसपास आले.

हा हिशेब नीट वाचावा. औषध घेऊनही शंभरातील काहींचा विकार वाढलाच. म्हणजे गोळी मदत करते, हमी देत नाही. गेलेली नजरही ती परत आणत नाही. हा फायदा केवळ चरबी उतरल्यामुळे होतो असेही दिसत नाही. औषध डोळ्याच्या नळ्यांवर वेगळ्या मार्गानेही काम करत असावे, असे तज्ज्ञांना वाटते.

आपण काय करावे?

१) मधुमेह कळला की लगेच, आणि त्यानंतर दरवर्षी, थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असे नव्हे.

२) साखर व रक्तदाब ताब्यात ठेवावा. गोळी हा त्याला पर्याय नाही.

३) फेनोफायब्रेट मनाने दुकानातून आणू नये. मूत्रपिंड, यकृत वा पित्ताशयाचा त्रास असल्यास ते अपायकारक ठरू शकते. आपल्याला ते योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

४) “डोळ्यांसाठी दुसरी गोळी आहे” म्हणून चालू असलेली स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करू नये. ती हृदयाची राखण करते.

५) तिशी ओलांडलेल्यांनी साखर तपासावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

शिवरे परिसरातील विद्यार्थ्यांना एक विनंती. घरातील आजी-आजोबा, आई-वडील यांना साखर असेल तर “डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला?” एवढे जरूर विचारा. उत्तर वर्षापलीकडचे असेल, तर भोरला किंवा पुण्याला नेत्रतज्ज्ञांकडे त्यांच्यासोबत जा. थेंब टाकल्यावर काही तास अंधूक दिसते, म्हणून सोबत कोणीतरी हवेच.

‘अत्त दीप भव’ असे आपण म्हणतो. आपल्या देहाची माहिती आपण करून घेणे, हेही त्यातच आले.

जयभीम! नमो बुद्धाय!