बंदुकीच्या नळीचा पीळ व गोळीचे वजन : पीकरक्षणाच्या दृष्टीने विचार

धनज व कारंजा भागात सोयाबीन, तूर, कपाशी व हरभरा या पिकांची रानडुकरे व रोही यांजकडून जी नासाडी होते, ती सर्व कास्तकार बंधूंस ठाऊकच आहे. तिचे वर्णन करून आम्ही जागा अडवीत नाही. कुंपण व जागल हे उपाय थकले म्हणजे ज्याजवळ परवान्याची रायफल आहे असा कास्तकार वनखात्याकडे परवानगी मागतो. परवानगी मिळाल्यावर गोळी जर वाकडी गेली, तर डुक्कर मरत नाही. जखमी होऊन तुरीत शिरते व दुसरे दिवशी तेथे कामास गेलेल्या मजुरांवर उलटते. अशा वेळी दोष नेहमी नेमास दिला जातो. परंतु पुष्कळदा नेम बरोबर असून नळी व गोळी यांचा मेळ नसतो. तो मेळ कसा ओळखावा, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

पीळ म्हणजे काय?

बारा बोअरच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तीतून छर्रे किंवा वाटोळी गोळी सुटते. वाटोळ्या गोळीस पुढची व मागची बाजू नसल्यामुळे ती कशीही फिरली तरी बिघडत नाही. रायफलीची गोळी मात्र लांबट असते. तिच्या टोकावर हवेचा दाब येतो व तो तिला आडवी पाडू पाहतो. भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो व फिरणे मंदावले की कलंडतो, तोच न्याय येथे आहे. गोळीस फिरविण्याकरिता नळीच्या आत नागमोडी नव्हे, तर दोरीच्या पिळाप्रमाणे फिरत गेलेल्या खाचा पाडलेल्या असतात. किती इंचांत खाचेचा एक पूर्ण फेरा होतो, त्या मापास आम्ही पीळ म्हणतो. १० इंचांत एक फेरा हा घट्ट पीळ व १६ इंचांत एक फेरा हा सैल पीळ होय. पूर्वीच्या .३०३ लष्करी रायफलीचा पीळ १० इंचांचा व गोळीचा वेग सेकंदास २४४० फूट असे. म्हणजे नळीतून बाहेर पडताना ती गोळी सेकंदास सुमारे २९०० फेरे घेत असे.

वजन की लांबी?

जड गोळीस घट्ट पीळ व हलक्या गोळीस सैल पीळ, असे सर्वत्र सांगतात. हे स्थूलमानाने खरे आहे, पण खरे कारण वजन नसून लांबी आहे. एकाच जाडीची गोळी जड करावयाची तर ती लांब करावी लागते, म्हणून वजनाचा नियम बहुधा लागू पडतो. तो कोठे चुकतो याचा दाखला .३०३ मध्येच सापडतो. १९१० पूर्वी तिची गोळी बोथट टोकाची, २१५ ग्रेनची होती. १९१० साली अणकुचीदार टोकाची, १७४ ग्रेनची गोळी आली. १८० ग्रेन म्हणजे आपला एक तोळा. तेव्हा सव्वा तोळ्याजवळची गोळी तोळ्याच्याही आत आली. तथापि नव्या गोळीचे टोक निमुळते व आतून ॲल्युमिनियमचे असल्यामुळे लांबी जवळजवळ तितकीच राहिली, आणि १० इंचांचा तोच पीळ तिलाही चालला.

हिशेबाची रीत

१८७९ साली इंग्लंडात वूलिच येथील तोफखान्याच्या विद्यालयातील गणिताचे अध्यापक ग्रीनहिल यांनी यासाठी एक रीत दिली. ती आजही उपयोगी पडते. गोळीची जाडी इंचांत घेऊन तिला तिनेच गुणावे, येईल त्यास १५० ने गुणावे व गोळीच्या लांबीने भागावे. उत्तर येईल तितक्या इंचांत एक फेरा पुरे. गोळीचा वेग सेकंदास २८०० फुटांहून अधिक असेल तर १५० ऐवजी १८० धरावे.

उदाहरण : .३०३ च्या गोळीची जाडी .३११ इंच व लांबी सुमारे १.२८ इंच. रीतीप्रमाणे सव्वाअकरा इंच येतात. कारखान्याने १० ठेवले, म्हणजे थोडे घट्टच. .२२ ची ४० ग्रेनची, म्हणजे पावणेतीन माशांच्या आतली गोळी अर्ध्या इंचाहून किंचित आखूड असते. तिला सुमारे १६ इंच येतात, व.२२ च्या नळ्या १६ इंचांच्याच असतात. अमेरिकेत शेताची नासाडी करणाऱ्या लहान जनावरांवर .२२३ ची रायफल चालवितात. तिच्या ५५ ग्रेनच्या वेगवान गोळीस १२ इंचांचा पीळ पुरतो. त्याहून लांब व जड गोळीस ९, ८ किंवा ७ इंचांचा लागतो.

यावरून मुख्य नियम असा निघतो की, घट्ट पिळाची नळी आखूड गोळीही बहुधा चालवून घेते, पण सैल पिळाची नळी लांब गोळीस कधीही सांभाळू शकत नाही. घट्टपणासही मर्यादा आहे. पातळ कवचाची, हलकी, अतिवेगवान गोळी फार घट्ट पिळातून सोडल्यास फिरण्याच्या जोराने हवेतच फुटते.

आपली नळी कशी तपासावी?

आम्ही महसूल खात्यात असता परवान्यांचे पुष्कळ कागद पाहिले. त्यांत बोअर व हत्याराचा क्रमांक असे. पीळ कोठेही लिहिलेला नसे. सबब तो आपणच मोजावा. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून बोल्ट काढावा. मूठ स्थिर राहून दांडी फिरते अशा सफाईच्या गजास ओली चिंधी घट्ट बसवून तो नळीत घालावा. गजाच्या वरच्या बाजूस खूण करावी व नळीच्या तोंडाशी गजावर दुसरी खूण करावी. मग गज सावकाश ओढावा. वरची खूण पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर आली की किती इंच गज सरकला ते मोजावे. असे तीनदा करावे.

नंतर परवानगी असलेल्या चांदमारीच्या जागी ५० यार्डांवर जाड कागद लावून पाच गोळ्या झाडाव्या. भोके वाटोळी पडली तर मेळ आहे. एखादे जरी लांबट, कुलपाच्या भोकासारखे पडले, तर गोळी आडवी जात आहे असे समजावे. पीळ हिशेबात बरोबर असूनही असे झाले तर नळी झिजलेली आहे. ती बंदूक-कारागिरास दाखवावी व तोवर जनावरावर चालवू नये.

आपल्याकडे नागरिकांस लष्करी बोअर वर्ज्य असल्यामुळे .३१५ ची रायफल रूढ झाली. ती इच्छापूरच्या कारखान्यात व तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीस होतात. मऊ टोकाची २४४ ग्रेनची, म्हणजे सव्वा तोळ्याहून थोडी अधिक वजनाची गोळी तिच्याकरिता नेहमीची. तीच वापरावी, घरी भरलेली काडतुसे घेऊ नयेत. .२२ ची गोळी डुकरावर किंवा रोह्यावर कदापि झाडू नये. तिने जनावर मरत नाही, कुजत मरते.

कायद्याची बाजू

१९५९ च्या शस्त्र कायद्याचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी हुकूम हाती असल्याशिवाय गोळी झाडणे हा गुन्हा आहे. आपल्याच तालुक्यात कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे रात्री अंधुक दिसणाऱ्या शिंगांवर नेम धरणे महागात पडेल. नुकसानभरपाईचा अर्ज व पंचनामा ही तजवीज तर प्रत्येकाने आधीच करावी.

शेवटी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. उत्तम फिरणारी गोळी चुकली तर ती दोन मैलांच्या घरात जाऊ शकते, व आपला मुलूख सपाट काळीचा आहे. यास्तव माळ्यावरून खाली, मागे मातीचा बांध किंवा उंचवटा पाहूनच बार काढावा. शेजारच्या शेतात जागलीस कोण आहे हे दिवस मावळण्यापूर्वी विचारून ठेवावे.