मासा उलटा पोहू लागला तर...

मागच्या सोमवारी दवाखान्यात नेहमीसारखीच गर्दी होती. सर्दी-खोकल्याच्या आणि तापाच्या रुग्णांमध्ये आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा वडिलांसोबत बसला होता. मांडीवर स्टीलचा डबा त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. नंबर आला तसा त्याने डबा माझ्या टेबलावर ठेवून झाकण काढले. आत नारिंगी रंगाचा एक गोल्डफिश पोट वर करून तरंगत होता.

"डॉक्टरसाहेब, याले पाहा बरं," वडील ओशाळून म्हणाले. "चार दिवसांआधी नागपूरहून आणला. कालपासून उलटाच पोहून राह्यला. पोरगं जेवत नाही. पाण्यात टाकाले एखांदी कॅप्सूल द्या न जी."

वाचकहो, मी माणसांचा डॉक्टर आहे. माशांचे वैद्यकशास्त्र मला कोणी शिकवले नाही. पण माझ्याही घरी बारा वर्षांपासून काचेची टाकी आहे. पहिल्या वर्षी माझाही एक मासा असाच उलटा झाला होता. मी टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकली. दोन दिवसांत पाणी गढूळ झाले आणि मासाही गेला. तेव्हा मी शोधाशोध करून वाचले. त्यातून जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवतो, कारण त्यात माशासोबत माणसासाठीही धडा आहे.

वाताशय म्हणजे काय?

आपल्याकडे रोहू किंवा कतला घरी आणून साफ करताना पोटातून एक पांढरी, चकचकीत, हवेने भरलेली पिशवी निघते. लहान मुले तिला 'फुगा' म्हणतात व खेळायला मागतात. तेच माशाचे वाताशय. पाठीच्या कण्याच्या खाली आणि आतड्याच्या वर त्याची जागा असते. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना त्याचे काम लगेच समजेल. पिशवीत वायू वाढला की मासा हलका होऊन वर येतो, कमी झाला की खाली जातो. वायू नेमका असला तर पंख न हलवताही तो पाण्यात एका जागी स्थिर राहतो.

गोल्डफिश हा रोहूच्याच कुळातला. त्याच्या वाताशयाला दोन कप्पे असतात आणि एक बारीक नळी ते अन्ननलिकेला जोडते. गर्भावस्थेत आपली फुप्फुसेही अन्ननलिकेच्याच भागातून फुटून तयार होतात, म्हणजे माशाचा फुगा आपल्या फुप्फुसांचा नातेवाईकच. फायटर माशाला मात्र ही नळी नसते. त्याच्या पिशवीतला वायू रक्तातून येतो व रक्तातच परत जातो.

हा रोग नव्हे, लक्षण आहे

ताप हा जसा रोग नसून लक्षण आहे, तसेच माशाचे उलटे होणे हेही लक्षण आहे. ताप मलेरियाने येतो, टायफॉइडने येतो, घसा सुजल्यानेही येतो. माशाचेही तसेच आहे. नव्या माशात साधारण पुढील कारणे आढळतात.

पहिले कारण म्हणजे जास्त खाणे. बाजारात मिळणारे गोल गुटगुटीत गोल्डफिश माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केले आहेत. शरीर आखूड झाल्याने आतडे आणि वाताशय यांची आत दाटी झालेली असते. आतडे तुंबले की वाताशयावर दाब येतो आणि तोल जातो. कोरडे खाद्य पाण्यावरून खाताना हवाही गिळली जाते, शिवाय ते पोटात गेल्यावर फुगते.

दुसरे कारण पाण्याचे. नव्या टाकीत माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया साठतो. त्याला निरुपद्रवी करणारे जंतू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा विषारी पाण्यात राहतो व आजाराला सहज बळी पडतो. कॅप्सूलने हे उपयोगी जंतूही मरू शकतात. त्यातच थेट नळाचे पाणी घातले तर त्यातल्या क्लोरीनने कल्ल्यांना इजा होते.

तिसरे कारण तापमान. पाणी थंड झाले की माशाचे पचन मंदावते. डिसेंबरात आपल्याकडच्या रात्री काचेचे लहान भांडे लवकर गार पाडतात. उलट मे महिन्यात पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

याशिवाय जंतुसंसर्ग, प्रवासातली इजा किंवा जन्मजात व्यंग हीही कारणे असू शकतात. अंगावरचे खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहून पोट फुगले असेल तर दुखणे गंभीर समजावे.

एक फरक लक्षात ठेवा. मासा सरळ राहून पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेत असेल तर बहुधा प्राणवायू कमी आहे किंवा पाणी खराब आहे. मासा खाली जाण्याची धडपड करतो आणि बुचासारखा पुन्हा वर येतो, किंवा तळाशी पडून वर येऊ शकत नाही, तर तो तोलाचा बिघाड.

मी काय विचारले?

मी मुलाला जवळ बसवून विचारले, "बेटा, याला दिवसातून किती वेळा खायला देतोस?"

तो बापाकडे पाहू लागला. मग हळूच म्हणाला, "सहा-सात वेळा. त्याले भूक लागते न. मी जवळ गेलो की तोंड उघडते." थोड्या वेळाने त्याने खाली मान घालून विचारले, "माह्यामुळे झालं का जी?"

मी त्याला सांगितले की तू प्रेमाने दिलेस, आता प्रेमानेच दोन दिवस काही द्यायचे नाही. मासा तोंड उघडतो ते सवयीने. त्याचे पोट भरले की नाही हे तोंडावरून कळत नाही. तो दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर मरत नाही.

उपाय

१. दोन ते तीन दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवावे.

२. रोज टाकीतले चौथा हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवलेले व टाकीइतक्याच तापमानाचे असावे. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, त्यामुळे साठवलेले पाणी घरात असतेच. घाई असल्यास दुकानात मिळणारे क्लोरीन मारण्याचे औषध वापरावे.

३. उपवासानंतर मटारचा एक दाणा उकडून, साल काढून, कुस्करून द्यावा. फायटर मासा मांसाहारी असल्याने त्याला मटार देऊ नये, उपवास पुरे.

४. पुढे खाद्य दिवसातून एक-दोन वेळाच द्यावे. दोन मिनिटांत संपेल इतकेच, आणि आधी पाण्यात भिजवून.

५. नवा मासा आणल्यावर पिशवी बंदच टाकीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी. नंतर तिच्यात टाकीचे थोडे थोडे पाणी मिसळून मग मासा सोडावा.

६. माणसांची औषधे पाण्यात टाकू नयेत. आठवड्यात फरक न पडल्यास पशुवैद्यकांना विचारावे.

टाकी धुणाऱ्यांसाठी

माझ्या हातून झालेली आणखी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तरुणाच्या बोटावर लालसर गाठ आली होती. दुखत नव्हती, पण बरीही होत नव्हती. पुळी समजून मी दोनदा औषध दिले. तिसऱ्या खेपेला तो सहज बोलून गेला की तो माशांच्या टाक्या धुण्याचे काम करतो. मी चरकलो आणि त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. माशांच्या पाण्यात क्षयजंतूच्या जातकुळीतला एक जंतू असू शकतो. हाताला जखम असेल तर तो आत शिरतो आणि काही आठवड्यांनी गाठ उठते. नेहमीच्या गोळ्यांनी ती जात नाही, योग्य औषधे काही महिने घ्यावी लागतात. तो तरुण बरा झाला. 'काम काय करतोस?' हे मी पहिल्याच दिवशी विचारले असते तर त्याचे हाल वाचले असते.

म्हणून हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये. टाकी साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकीचे पाणी स्वयंपाकाच्या ओट्याजवळ सांडू नये, आणि ते नळीने तोंडाने ओढून तर कधीच काढू नये. मासा मेल्यावर टाकी पाण्यासकट तशीच ठेवू नये, त्यात डेंग्यूचे डास वाढतात.

तात्पर्य

शनिवारी तो मुलगा पुन्हा आला. हातात डबा नव्हता. दारातूनच ओरडला, "सीधा झाला जी!" सगळेच मासे असे बरे होत नाहीत, हे त्याच्या वडिलांना मी आधीच सांगून ठेवले होते. पण हा झाला, आणि एकाही कॅप्सूलशिवाय झाला.

आपल्या घरांतही असेच चालते. 'आणखी एक घास घे' म्हणत भरल्या पोटाच्या मुलाला आपण कोंबत राहतो. मग पोट दुखते, आणि आपण डॉक्टरकडे जाऊन औषध मागतो. साध्या सर्दीलाही अँटिबायोटिक हवे असते. ते चुकीच्या जागी वापरले की आजार तर हटत नाहीच, उलट पोटातले उपयोगी जंतू मरतात, जसे माझ्या टाकीतले मेले. पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा 'गोळी कोणती?' विचारण्याआधी 'असे कशाने झाले?' हे विचारा. माझ्यासारखा डॉक्टर घाईत असेल तर त्यालाही मग थांबून विचार करावा लागेल.