गाडी थांबली, मग मी का नाही थांबले?



मागच्या महिन्यात शिरूर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला एक मावशी हाताला प्लॅस्टर घालून आल्या. आठवडे बाजारातून मुलाच्या मोटारसायकलवर घरी निघाल्या होत्या. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात पदर. गतिरोधक अचानक दिसला, मुलाने कचकन ब्रेक दाबला आणि मावशी रस्त्यावर. बचत भरून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "मॅडम, ब्रेक लागला, गाडी पण थांबली. मग मी का नाही थांबले?"

सगळ्या हसल्या. मला मात्र पटकन नीट सांगता आलं नाही. मी समाजकार्य शिकलेली, विज्ञान दहावीनंतर सुटलं. घरी येऊन नववीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. त्यात 'गतीचे नियम' नावाचा धडा आहे. तो वाचला, दौंडच्या दोन गटांत करून दाखवला आणि आता तुमच्यासाठी लिहितेय. पुस्तकात जे आहे ते आपण रोज हाताने करतोच, फक्त त्याला नाव दिलेलं नसतं.

१. जे चालतंय ते चालतच राहतं

बैठकीत हे करून बघा. पाण्याच्या ग्लासवर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, त्यावर एक रुपयाचं नाणं. पुठ्ठ्याला जोरात टिचकी मारा. पुठ्ठा उडून जातो, नाणं खाली ग्लासात पडतं. जोर पुठ्ठ्याला लागला, नाण्याला जवळजवळ नाही. म्हणून नाणं जागच्या जागी राहिलं.

गोधडी झटकतो तेव्हाही हेच होतं. गोधडी झटक्याने पुढे जाते, धूळ जागीच राहते आणि खाली पडते. भरलेला हंडा घेऊन बैलगाडीत बसलात तर गाडी सुरू होताना पाणी मागे सांडतं आणि थांबताना पुढे.

थांबलेली वस्तू आपणहून हलत नाही आणि चालती वस्तू आपणहून थांबत नाही. बाहेरून कुणीतरी जोर लावावा लागतो. इंग्लंडच्या न्यूटन नावाच्या शास्त्रज्ञाने १६८७ साली हे नियम पुस्तकात मांडले. या गुणाला 'जडत्व' म्हणतात.

आता मावशींचं उत्तर. ब्रेक गाडीच्या चाकाला लागतो, माणसाला लागत नाही. गाडी थांबली तरी अंग आधीच्याच वेगाने पुढे जायला बघतं. अंगाला थांबवायला हाताची पकड आणि पायाचा आधार लागतो. मावशींचे दोन्ही हात अडकलेले, दोन्ही पाय एकाच बाजूला. मग तोल बाहेर गेला. यात चूक ना मावशींच्या वयाची, ना नशिबाची.

२. ढकलायला जड ते थांबवायलाही जड

रिकामा हातगाडा एकटी बाई ढकलते. त्यावर कांद्याच्या चार गोण्या टाकल्या की दोघी लागतात. पण तोच गाडा उताराला लागला, तर अडवायलाही दोघी पुरत नाहीत.

ऊस गाळपाच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. ट्रॅक्टरने ब्रेक मारला तरी मागचा टनावारी ऊस त्याला पुढे ढकलत असतो. 'हळू तर चाललाय' म्हणून त्याच्या पुढून रस्ता ओलांडू नका. मोळ्यांवर बसून तर अजिबात जाऊ नका. दौंड स्टेशनच्या रुळांचंही तेच. वेगात असलेली रेल्वे ड्रायव्हरने पूर्ण ब्रेक लावला तरी थांबायला अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर घेते. त्याला तुम्ही दिसलात तरी तो काही करू शकत नाही.

जड ओझ्याचा त्रास बैलांनाही होतो. ऊसगाडीचा भार त्यांच्या मानेवर येतो. २०२२ साली सांगली जिल्ह्यात राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी गाडीला पुढे, जोखडाजवळ, एक जादा फिरतं चाक बसवून बघितलं. त्याला 'सारथी' नाव दिलं. मानेवरचा काही भार ते चाक घेतं. म्हणजे हा धडा कळला की त्यातून उपायही निघतात.

३. वेग दुप्पट, अंतर चौपट

हे सगळ्यात महत्त्वाचं. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ११ मीटर तिथेच गेले. मग ब्रेकने थांबायला आणखी सुमारे १० मीटर. ताशी ८० असेल तर आधी २२ मीटर आणि ब्रेकनंतर सुमारे ४० मीटर.

आपली साडी साडेपाच मीटरची. ४० च्या वेगाची गाडी चार साड्यांच्या लांबीत थांबते, ८० ची गाडी अकरा साड्यांच्या. वेग दुप्पट झाला, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट झालं. हा हिशोब कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्याचा आहे.

गाडीला थांबवतं ते रस्त्याचं घर्षण. पावसाचं पाणी, सांडलेली मळी, वाळू, गुळगुळीत झालेला टायर, यांनी घर्षण कमी होतं आणि अंतर वाढतं. ओल्या घाटावर हंडा घेऊन आपला पाय सरकतो, तसंच हे. यवत, पाटस किंवा शिक्रापूरला हायवे ओलांडताना 'अजून लांब आहे' एवढं बघू नका, गाडी किती वेगात आहे ते बघा.

४. बटण बंद, पण चाक चालू

आपल्या कितीतरी गटांतल्या महिलांनी कर्ज घेऊन कडबाकुट्टी मशीन घेतलंय. त्याचं चाक मुद्दाम जड केलेलं असतं, कारण जड चाक एकदा फिरलं की एका वेगात फिरत राहतं आणि कडबा सलग कापला जातो. पण त्याच कारणाने बटण बंद केल्यावरही ते काही वेळ फिरतच राहतं, आणि पातं त्या चाकावरच असतं. कडबा अडकला, बटण बंद केलं, हात घातला, असं करताना बोटं जातात.

म्हणून:
- अडकलेलं काढायच्या आधी मेन स्विच बंद करा आणि चाक पूर्ण थांबलेलं डोळ्याने बघा.
- कडबा शेवटी हाताने नाही, काठीने सरकवा.
- पदर खोचा, केस बांधा, ओढणी काढून ठेवा.
- पट्ट्यावरचं झाकण काढू नका. मशीन चालू असताना पोरांना जवळ येऊ देऊ नका.

पदराचं मोटारसायकलवरही तेच. फिरत्या चाकात टोक गेलं की चाक थांबत नाही, कापड गुंडाळत जातं आणि आपल्याला ओढतं. माझी स्वतःची ओढणी एकदा स्कूटीच्या चाकात गेली होती. गाडी हळू होती म्हणून गळ्यावर फक्त वळ उठला. तेव्हापासून मी ओढणी गाठ मारून जॅकेटच्या आत घालते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३ व्या नियमाप्रमाणे मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागचं चाक किमान निम्मं झाकणारं संरक्षण असायला हवं. यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. पोरं 'गाडी चांगली दिसत नाही' म्हणून ते काढून टाकतात. आज घरी गेल्यावर आपली गाडी बघा. नसेल तर बसवून घ्या. आणि हेल्मेट मागे बसणारीलाही कायद्याने लागतं.

मावशींचं प्लॅस्टर आता निघालंय. परवा म्हणाल्या, "आमची नऊवारीच बरी होती बाई, दोन्हीकडं पाय टाकून बसता यायचं." आता त्या पिशवी डिकीला अडकवतात आणि एका हाताने कडी धरतात.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. एसटी अचानक थांबली की उभे असलेले पुढे का जातात? आणि सुरू होताना मागे का?
२. आपल्या गटात किती घरी कडबाकुट्टी आहे? त्यातल्या किती मशीनला झाकण आहे?
३. किती गाड्यांना साडी गार्ड आणि धरायची कडी आहे? मोजून प्रोसिडिंगमध्ये लिहा.
४. गावात गाड्या वेगात येतात पण गतिरोधक किंवा फलक नाही, अशी जागा कोणती? ग्रामसंघातर्फे ग्रामसभेत अर्ज द्यायचा का?

नाण्याचा प्रयोग घरी मुलांना करायला लावा आणि का झालं ते त्यांनाच विचारा. सांगता आलं नाही तर तुम्ही सांगा.