अडलेला ट्रॅक्टर

मृग लागला. दोन चांगले पाऊस झाले. रानाला वापसा आला. गावात पेरणीची घाई उडाली. नेमका अशा वेळी आमच्या शेजाऱ्यांचा जुना ट्रॅक्टर अडला. किल्ली फिरवली की नुसता ‘टक’ असा आवाज होई. पुढे काही नाही.

कोणी म्हणाले, “दृष्ट लागली. लिंबू-मिरची बांधा.” शेजारी कपाळाला हात लावून बसले. “गुरुजी, मिस्त्री परवा येतो म्हणतोय. तवर वापसा गेला तर?”

आम्ही काही मिस्त्री नव्हे. पण गणित चुकले तर पहिल्या पायरीपासून पुन्हा बघावे, हे आम्ही जन्मभर मुलांना शिकवले. तेच इथे करायचे ठरवले.

ट्रॅक्टर चालू कसा होतो, ते आधी समजून घेऊ. सायकलीत हवा भरताना पंप गरम लागतो. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात हवा फार जोराने दाबली जाते. ती इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच ते पेटते. त्याला ठिणगी लागत नाही. जर्मनीतील रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यांचेच नाव तेलाला पडले.

म्हणजे इंजिनाला ३ गोष्टी हव्यात. एक, सुरुवातीला जोरात फिरवणारी बॅटरी. दोन, डिझेल. तीन, हवा. तिन्ही एकेक करून पाहाव्यात.

हात लावण्याआधी आम्ही गिअर मोकळा केला. ब्रेक लावला. बॅटरीजवळची विडी विझवायला लावली. बॅटरीतून निघणारा वायू भडकतो.

मग पुढचा दिवा लावून किल्ली फिरवली. दिवा एकदम मंद झाला. म्हणजे बॅटरी उतरली असेल, नाहीतर तारेचा जोड सैल असेल. दिवा तसाच लख्ख राहिला असता, तर दोष स्टार्टरकडे असता. झाकण काढून बघतो तो काय! बॅटरीच्या जोडांवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली. वीज पुढे जाणार कशी?

आधी काळी तार सोडली, मग लाल. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून जोड धुतले. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ दिले नाही. जोड कोरडे करून घासले. मग आधी लाल आणि शेवटी काळी तार घट्ट आवळली.

किल्ली फिरवली. इंजिन घर्र घर्र फिरले, पण पेट घेईना. शेजारी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवू लागले. आम्ही थांबवले. एका वेळी १० सेकंदांहून जास्त स्टार्टर फिरवू नये. मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. नाहीतर स्टार्टर तापून जळतो आणि बॅटरीही उतरते.

आता धुराड्याकडे पाहिले. धूर मुळीच नव्हता. पांढरा धूर आला असता, तर डिझेल पोचते पण पेटत नाही, असे समजलो असतो. धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. टाकीत डिझेल होते. तोटी उघडी होती. इंजिन बंद करायची दांडीही जागेवर होती. पुष्कळदा ही दांडी ओढलेलीच राहते आणि माणूस दिवसभर घाम गाळतो!

फिल्टरच्या तळाला मात्र पाणी साचले होते. टाकी महिनोन् महिने अर्धी रिकामी राहिली, की आतल्या हवेतली वाफ थिजून पाणी होते. ते पाणी काढले. मग फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. आधी बुडबुडे आले, मग डिझेलची सलग धार. तेव्हा स्क्रू आवळला. हवेची जाळीही झटकली.

किल्ली फिरवली. धडधड करीत ट्रॅक्टर चालू झाला! तिसऱ्या प्रहरी पेरणी सुरू झाली.

आता मोलाची गोष्ट. काहीजण जमिनीवर उभे राहून स्टार्टरला पाना टेकवतात. हे कधीही करू नये. शेजारच्या गावात एका तरुणाने असे केले. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. तो चालू होऊन त्याच्याच अंगावर आला. पोराचा पाय कायमचा गेला. पेरणी दोन दिवस पुढे जाईल, पण पाय परत येत नाही. ट्रॅक्टर नेहमी सीटवर बसूनच चालू करावा.

डिझेल पंप आणि त्याच्या बारीक नळ्या मिस्त्रीनेच उघडाव्यात. तिथली बारीक धार कातडीतून आत घुसते. पण काय पाहिले आणि काय केले, ते मिस्त्रीला नीट सांगावे. त्याचा वेळ वाचतो, आपले पैसे वाचतात.

हंगाम संपला की टाकी भरून ठेवावी. पंधरवड्यातून एकदा इंजिन गरम होईतो चालवावे. उंदरांनी तारा कुरतडल्या का, ते पाहावे. बैलाला आपण बिनकामाच्या दिवसांतही वैरण घालतोच की!

सांगा पाहू
१. दिवा मंद झाला, यावरून काय कळले?
२. धूर नव्हता, यावरून काय कळले?
३. ट्रॅक्टर जमिनीवर उभे राहून का चालू करू नये?