कुजक्या लांकडाचा उजेड व आपले डोळे

सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीस गेलें असतां सुमारें ६९० मीटर उंचीवर दाट रान लागतें. वर्षाकाळीं तेथें पावसाचें मान सात हजार मिलिमीटरांच्या घरांत जातें, व धुकें दिवसचे दिवस हालत नाहीं. अशा ओलीनें कुजलेल्या फांद्यांवर व बुंध्यांवर अंधाऱ्या रात्रीं कोठें कोठें एक फिकट उजेड दिसतो. तो लुकलुकत नाहीं, त्याचा धूर होत नाहीं, व हात लाविला तर बोट भाजत नाहीं. विस्तवावांचूनचा असा उजेड पाहून एखाद्यानें भूत किंवा देवचार म्हणून पाय काढिला, तर त्यांत नवल नाहीं. परंतु त्यानें पाहिलें तें काय, हें आज नीट सांगतां येतें. तो उजेड कोठून येतो, डोळ्यापर्यंत कसा पोहोंचतो, आणि एकास दिसला तरी शेजारीं उभ्या असलेल्या दुसऱ्यास कां दिसत नाहीं, ह्यांचा ह्या पाठांत विचार करूं. शेवटचा प्रश्न मुलांच्या दृष्टीशीं निगडित आहे. यास्तव तो भाग विशेष लक्ष देऊन वाचावा.

हा उजेड एका बारीक बुरशीचा आहे. शास्त्रज्ञ तिच्या कुळास मायसीना म्हणतात. तिचे तंतू लांकडांत शिरून तें कुजवितात. तिच्या देहांत तयार होणारें एक द्रव्य हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतें, व त्या संयोगांत, हातास जाणवेल इतकी उष्णता न होतां, प्रकाश बाहेर पडतो. इंग्लंडांतील रॉबर्ट बॉईल ह्यानें १६६७ च्या सुमारास प्रकाशणारें लांकूड कांचेच्या भांड्यांत ठेवून यंत्रानें आंतील हवा काढून घेतली, तों उजेड मावळला. हवा पुनः आंत सोडतांच तो परत आला. भुताचा उजेड असता तर त्यास पंपाची काय पर्वा असती? तें द्रव्य कोणतें, ह्याचा उलगडा मात्र २०१५ सालीं झाला. काजव्याचा प्रकाशही असाच थंड असतो. पण काजवा कीटक असल्यामुळें उडतो व लुकलुकतो, आणि बुरशीचा उजेड जागच्या जागीं स्थिर राहतो. एवढ्या खुणेनें दोहोंतील भेद रानांत ओळखतां येतो.

आतां प्रकाश म्हणजे काय तें पाहूं. स्थिर पाण्याच्या कोंडींत खडा टाकिला म्हणजे वर्तुळाकार लाटा कांठापर्यंत जातात. पाण्यावर एखादें पान असेल तर तें जागच्या जागीं वरखालीं डोलतें, कांठास जात नाहीं. पुढें जाते ती केवळ लाट. प्रकाशही लाटांच्या रूपानें चालतो, हें थॉमस यंग ह्या वैद्यानें १८०१ सालीं पुढें मांडिलें. पाण्याची लाट पाण्यावांचून होत नाहीं. प्रकाशाच्या लाटेस मात्र कोणतेंही माध्यम लागत नाहीं, म्हणूनच सूर्याचा प्रकाश रित्या अवकाशांतून सुमारें ८ मिनिटें २० सेकंदांत आपणांपर्यंत येतो. एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंतचें अंतर ती लाटेची लांबी. एका मिलिमीटराचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. सुमारें ४०० नॅनोमीटर लांबीची लाट आपणांस जांभळी दिसते, ७०० ची तांबडी. इतर रंग ह्या दोहोंच्या मध्यें. ह्यापलीकडच्याही लाटा आहेत, पण त्यांस मनुष्याचा डोळा आंधळा आहे. आपल्या बुरशीची लाट सुमारें ५२५ ची, म्हणजे हिरवी.

तथापि रानांत गेलेल्या मनुष्यास तो उजेड बहुधा हिरवा दिसतच नाहीं, पांढुरका दिसतो. छायाचित्रांत तोच हिरवागार उमटतो. हा दोष उजेडाचा नव्हे. डोळ्याच्या आंतल्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या सुमारें साठ लक्ष. त्या रंग ओळखतात, पण त्यांस भरपूर उजेड लागतो. काडीच्या आकाराच्या त्यांहून कितीतरी पट अधिक. त्या अगदीं मंद उजेडांतही काम करितात, पण त्यांस रंग कळत नाहीं. रात्रीं आपण काडीपेशींनीं पाहतों, म्हणून चांदण्यांत जास्वंदही काळी दिसते.

काडीपेशींत एक रंगद्रव्य असतें. प्रकाश पडला कीं तें विरतें, व अंधारांत पुनः हळूहळू भरून येतें. दिव्यापासून उठून एकदम रानांत गेलेल्यास प्रथम कांहींच दिसत नाहीं. पूर्ण भरती येण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. मध्येंच कोणी विजेरी लाविली कीं सगळी मेहनत व्यर्थ! विजेरीवर तांबडें फडकें बांधावें, कारण तांबड्या लाटांचा काडीपेशींवर फारसा परिणाम होत नाहीं. आणखी एक गंमत अशी कीं, पडद्याच्या ऐन मध्यभागीं काडीपेशी नाहींत. त्यामुळें अंधुक उजेडाकडे टक लावून पाहिलें तर तो नाहींसा होतो, व किंचित् बाजूस नजर ठेविली तर पुनः दिसूं लागतो. पाहणाऱ्याची भीति ह्यानें वाढते, कारण पाहूं गेलें कीं लपणारी वस्तु कोणासही भुताटकीच वाटेल.

हें रंगद्रव्य बनण्यास अ जीवनसत्त्व लागतें. डोळ्याच्या पडद्यांत तें असतें, हें जॉर्ज वॉल्ड ह्यांनीं १९३३ सालीं दाखविलें, व पुढें १९६७ सालीं त्यांस ह्या विषयांतील कार्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. अन्नांत तें कमी पडलें कीं काडीपेशी रित्या राहतात. अशा मुलास दिवसा सर्व दिसतें, पण दिवेलागणीस तें उंबऱ्यावर अडखळतें, ताट चांचपडतें, अंगणांत खेळणाऱ्या भावंडांतून उठून आईजवळ येऊन बसतें. घरचीं माणसें त्यास भित्रें किंवा आळशी म्हणतात. त्यास मारूं नये, डोळे तपासावे. बुबुळाच्या बाजूस पांढऱ्या भागावर फेंसासारखा डाग, डोळ्याचा कोरडेपणा, ह्या पुढच्या खुणा होत. त्यांकडे दुर्लक्ष झालें तर बुबुळास व्रण पडून दृष्टि कायमची जाते. ती मग कोणत्याही औषधानें परत येत नाहीं. सर्वच रातांधळेपणा अन्नाच्या उणिवेनें होतो असें नाहीं. कांहीं घराण्यांत तो जन्मतः उतरतो. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावें.

कोंकणांतल्या गरीबाच्या परसांतही ह्या जीवनसत्त्वाची वाण नाहीं. शेवग्याचा पाला, तांबडा माठ, अळू, पिकलेली पपई, आंबा, अंडें व दूध ह्यांतून तें मिळतें. भाजीस थोडें तेल किंवा खोबरें असावें, कारण तें स्निग्ध पदार्थाबरोबर अंगीं लागतें. सरकारी योजनेप्रमाणें ९ महिन्यांच्या वयापासून ५ वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनीं ह्याचा डोस मुलांस पाजतात; प्राथमिक आरोग्य केंद्रांत चौकशी करून तो चुकूं देऊं नये. औषध मात्र आपल्या अटकळीनें अधिक देऊं नये, कारण हें जीवनसत्त्व यकृतांत सांठून राहतें व फाजील झाल्यास अपाय करितें.