तपासनीस नसताना यंत्र काय करते?

माप मारणे हे किती मोठे पाप आहे, हे आमच्या व्यापारी बंधूंना नव्याने सांगायला नको. पवित्र कुरआनातील ८३ व्या सूरहची, सूरह मुतफ्फिफीनची, सुरुवातच माप मारणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने होते. पूर्वी पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवला जाई, दांडी मारली जाई. चलाख गिऱ्हाईक ते पकडतही असे. आज तराजू, बिलाचे यंत्र, पेट्रोलचा पंप, मोटार आणि मोबाईल हे सारे संगणकाच्या प्रोग्रामवर चालते. प्रोग्राममध्ये दडवलेला चिंचेचा गोळा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या वेळच्या पाठात आम्ही हाच विषय घेतला आहे.

जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीचे उदाहरण पाहू. अमेरिकेत मोटारीच्या धुराची तपासणी प्रयोगशाळेत, रोलरवर चाके फिरवून होते. कंपनीने आपल्या डिझेल गाड्यांत असा प्रोग्राम घातला की स्टीअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालले अशा खुणांवरून तपासणी चालू आहे हे गाडी ओळखत असे. तपासणी चालू असेल तर धूर स्वच्छ करणारी व्यवस्था पूर्ण काम करी. गाडी रस्त्यावर आली की ती सैल पडे आणि नायट्रोजन ऑक्साइड हा घातक वायू मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर पडे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाड्यांत उपकरणे ठेवून रस्त्यावर मोजमाप केले, तेव्हा हा फरक उघड झाला. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने कंपनीवर नोटीस बजावली. जगभरात असा प्रोग्राम असलेल्या गाड्या सुमारे १ कोटी १० लाख निघाल्या.

या प्रकरणात केवळ मालकच अडकले नाहीत. जेम्स लिआंग या इंजिनिअरने गुन्हा कबूल केला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्याला ४० महिन्यांची कैद व २ लाख डॉलर दंड झाला. प्रोग्राम स्वतः पाप करीत नाही. तो कुणीतरी सांगतो आणि कुणीतरी लिहितो. त्यामुळे जबाबदारी सांगणाऱ्याची आहे, तशीच लिहिणाऱ्याचीही.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक प्रसंग सांगितला जातो. आई मुलीला दुधात पाणी घालायला सांगते. मुलगी खलिफांच्या मनाईची आठवण देते. आई म्हणते, उमर इथे कुठे पाहतात? मुलगी उत्तरते की उमर पाहत नसले तरी उमरचा पालनकर्ता पाहतो. ही गाडी त्या मुलीच्या नेमकी उलट वागली. तपासनीस असेपर्यंतच ती प्रामाणिक होती.

हे दूरदेशीचे झाले. आपल्याकडे एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी लखनौच्या पेट्रोल पंपांवर धाडी घातल्या, तेव्हा यंत्रांत बसवलेल्या चिप सापडल्या. रिमोटचे बटण दाबले की माप कमी पडे, आकडा मात्र पूर्ण दिसे. बटण दाबणारा पंपावरचा, पण चिप बसवली ती कुणा कारागिराच्याच हाताने.

दुसरा प्रश्न थोडा बारीक आहे. ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले की बॅटरी झिजलेल्या जुन्या आयफोनची गती ती प्रोग्रामद्वारे कमी करीत होती. फोन अचानक बंद पडू नये, हे तिचे कारण होते आणि ते खोटे म्हणता येत नाही. पण ग्राहकाला हे स्पष्ट सांगितलेले नव्हते. ज्याचे काम नव्या बॅटरीवर भागले असते, त्याला वाटे की फोनच निकामी झाला. कंपनीला माफी मागावी लागली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला.

इथे धान्याच्या ढिगाची हदीस आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. धान्य पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. तेही खरेच होते. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हा प्रेषितांचा (स.) प्रश्न होता. पाऊस पडणे किंवा बॅटरी झिजणे यात कुणाचा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो ऐब झाकण्यात.

आता आपल्या दुकानाकडे वळू.

१) इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी करून शिक्का घ्यावा. पण शिक्का मिळाला म्हणजे जबाबदारी संपली असे समजू नये. मधूनमधून प्रमाणित वजन ठेवून काटा स्वतः तपासावा.

२) काट्यात किंवा बिलाच्या यंत्रात ‘थोडे सेटिंग’ करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. कारागीर बंधूंनी असे काम कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नये.

३) मोबाईल दुरुस्त करणाऱ्यांनी बदललेला सुटा भाग कंपनीचा की दुसरा, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून बिलावर लिहावे. जुना फोन विकताना त्याचा ऐब सांगावा.

४) दुरुस्तीला आलेल्या फोनमधील फोटो व संदेश ही अमानत आहे. कामापुरतेच उघडावे, एरवी हात लावू नये.

५) जी मुले संगणकाचे शिक्षण घेत आहेत, त्यांना घरातूनच सांगावे की साहेबाचा हुकूम हे आखिरतमध्ये निमित्त चालणार नाही. लिआंगच्या बाबतीत ते अमेरिकेच्या कोर्टातही चालले नाही.

गिऱ्हाईक आज यंत्राचा आकडा पाहून पैसे देतो. आत काय आहे ते त्याला कळत नाही, म्हणजेच त्याने आपल्यावर विश्वास टाकला आहे. तो जपला तरच रोजी हलाल राहील आणि धंद्यात बरकत येईल.