नववीची तयारी क्लासपासून नको, वाचनापासून

आठवी संपत आली की चंद्रपूर-गडचिरोलीतले पालक क्लास आणि गाइड शोधायला लागतात. ही धावपळ बहुतेक वाया जाते. आमच्या जंगलपट्ट्यातलं मूल नववीत अडखळतं ते विषय झेपत नाही म्हणून कमी आणि पुस्तकातलं मराठी एकट्याने वाचून कळत नाही म्हणून जास्त. शिक्षण हक्क कायद्याचं छत्र आठवीपर्यंतच. त्यानंतर गणिताची दोन पुस्तकं होतात, भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता अशी मांडणी येते, विज्ञानाची सुरुवातच गतीच्या नियमांनी होते. भामरागड-एटापल्लीत घरी माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली बोलणाऱ्या मुलाला हे सगळं अशा मराठीतून समजून घ्यायचं असतं, जी मराठी बोलणाऱ्या घरातही कोणी बोलत नाही.

यावर कोणी म्हणेल, आठ वर्षं मराठी शाळेत काढल्यावर वाचता येणारच. तसं गृहीत धरता येत नाही. ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांची पाहणी करणाऱ्या 2023 च्या ‘असर’ अहवालात देशभरातल्या निवडक जिल्ह्यांतल्या सुमारे चौथाई मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं निम्म्याहून अधिक मुलांना जमलं नाही. ही पाहणी आपल्या दोन जिल्ह्यांची नाही हे खरं, पण घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांचं चित्र याहून बरं असेल असं मानायला काही आधार दिसत नाही. अशा मुलाला क्लास लावला तर तो तिथलंही पाठच करणार.

‘आम्हीच शिकलेलो नाही, आम्ही काय शिकवणार?’ हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. पण शिकवायचं नाहीच, ऐकायचं आहे. मुलाने रोज एक पान मोठ्याने वाचावं आणि त्यात काय सांगितलंय ते माडियात, गोंडीत, तेलुगूत, घरच्या बोलीत आईवडिलांना सांगावं. जिथे त्याला सांगता येत नाही, तिथे त्याला कळलेलं नाही, हे ओळखायला शाळेचा दाखला लागत नाही. विज्ञानातला ‘विस्थापन’ शब्दच घ्या. नाल्याला वळसा घालून शाळेत जाणारी पायवाट म्हणजे अंतर, आणि घरापासून शाळेपर्यंतची सरळ रेष, दिशेसकट, म्हणजे विस्थापन. रानवाटा तुडवणाऱ्या मुलाला ही गोष्ट ठाऊक असते, फक्त ती पुस्तकातल्या शब्दाला जोडलेली नसते. भागाकाराचंही तेच. तेंदूपानांचा पुडा 70 पानांचा, तर 2,100 पानांचे पुडे किती? हा हिशेब मुलानेच करावा, आणि कागदावर करावा.

उन्हाळ्यात वेळ कुठे असतो, मोहफुलं आणि तेंदू सोडून मुलाला पुस्तक घेऊन बसवायचं का? नाही, ते उत्पन्न घराला लागतं. पण पानं तोडायचं काम पहाटेचं, बांधायचं त्यानंतरचं. भर दुपारी अर्धा-पाऊण तास निघतो, आणि रोज निघाला तर पुरतो.

मुलाला शिकायला शहरात ठेवणं हा उपायही सरसकट नाही. नवोदयमध्ये नववीचा प्रवेश रिकाम्या जागांपुरताच, चंद्रपूरच्या सैनिक शाळेतही परीक्षेनेच. आणि सेमी इंग्रजीत घातलं की एका परक्या भाषेच्या दोन होतात. जवळच्या हायस्कूलात मूल टिकवणं अधिक शहाणपणाचं. मात्र आपल्याकडे शाळा उघडते जूनअखेरीस, म्हणजे नेमकी पाऊस लागताना. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, आणि पहिल्या चाचणीआधीच आठवडाभराचे धडे बुडतात. पुरात गाव तुटत असेल तर वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरावा. मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या बसगाड्या आणि सायकली आहेत, त्यांची चौकशी शाळेतच करावी. खर्चाची अडचण असेल तर आठवीतच देता येणारी एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा आहे. निवड झाली आणि पुढच्या इयत्तांच्या अटी पाळल्या तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. शासकीय आश्रमशाळेत राहणाऱ्यांना ही शिष्यवृत्ती लागू नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलाचा अर्ज शाळेमार्फतच जातो, तेव्हा आठवीच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना गाठावं. त्या परीक्षेतही प्रश्न आधी नीट वाचावाच लागतो.